उत्तरेला नेलेला झरा

वसंता गेल्याची बातमी मला साखर कारखान्याच्या ऑफिसात कळली. मुंबईहून ट्रंककॉल आला आणि चेअरमनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "सुदामराव, बसा. आपले वसंतराव गेले. हार्टफेल," एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी त्यांचा शेतकी विभागातला कारकून, आणि वसंता माझा शाळेपासूनचा सोबती, म्हणून मी कोसळेन असं त्यांना वाटलं असावं. मी बसून राहिलो. बाहेर वजनकाट्यावर दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि गाडीवान हुज्जत घालत होते, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की मला वाईट वाटलेलं नाही. जे वाटलं ते असं, की हा माणूस मला उत्तर न देताच निसटला.

याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही त्यांचे बालमित्र, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोण ओळखतं, चार आठवणी लिहा. खरं आहे, माझ्याइतकं जवळून कुणी ओळखत नाही. म्हणूनच लिहितो. ज्यांना गहिवर हवा असेल त्यांनी दुसरं पान उघडावं, तिथं सोय असते.

वसंता कोण होता, हे आधी सांगायला हवं. तेरजवळच्या आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराचा, अण्णांचा, हा धाकटा मुलगा. आमचं घर बौद्धवस्तीत. शाळा तेरला, म्हणून आम्ही दोघं रोज बरोबर चालत जायचो. त्याच्या घरी मला ओट्याखाली उभं राहून ओंजळीत वरून पाणी मिळायचं, आणि माझ्या घरी तो चुलीपुढं मांडी घालून भाकरी खायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तो पराक्रम सांगायचा. पोरांना फिरवून आणायची हौस त्याला तेव्हापासून. तेरला जुन्या वस्तीचं पांढरीचं टेकाड आहे, पाऊस पडून गेला की त्यात मणी, खापरं सापडतात. वसंता शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हा सात-आठ पोरांना तिकडं न्यायचा. सरळ वाटेनं गेलं तर पाव तासाचं अंतर. हा पठ्ठ्या नदीच्या कडेनं, बाभळींतून, उन्हात तासभर फिरवायचा. वाटेत बोरं दिसली तरी तोडू द्यायचा नाही. पोरं रडकुंडीला आली की टेकाडावर बसवून खिशातून गुळाचे खडे काढायचा, एकेकाच्या हातावर ठेवायचा आणि आमच्या तोंडाकडं बघत राहायचा. स्वतः खायचा नाही. "लागतोय ना गोड? घरी खाल्ला असता तर असा लागला नसता," म्हणायचा. आम्हाला तो देवमाणूस वाटायचा. गूळ आमच्याही घरी होता, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढं आयुष्यभर त्यानं हेच केलं. मुंबईला एका मोठ्या हॉटेलात लागला, तिथून एका परदेशी पर्यटन कंपनीत, आणि तिथून थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाला. नॉर्वे, फिनलंडचा वरचा भाग, ग्रीनलंड, जिथं जिथं बर्फाशिवाय काही नाही तिथं श्रीमंतांच्या सहली आखायच्या, हा त्याचा धंदा झाला. नुसतं फिरवणं नव्हे. कोणत्या घटकेला पाहुण्याला थंडी वाजली पाहिजे, कोणत्या घटकेला शेकोटी दिसली पाहिजे, अस्वलाचं कातडं कधी खांद्यावर पडलं पाहिजे, हे सगळं तो मिनिटामिनिटानं मांडायचा. गावी आला की कागद पसरून मला समजावून सांगायचा. "सुदाम्या, बंगला, गाद्या, दारू ह्यांच्याकडं घरीच आहे. मी त्यांना ते नसण्याचं सुख देतो, तासभर. मग परत देतो." त्याचं बोलणं ऐकून मी भारावून जायचो. एवढा मोठा माणूस आपल्याला 'सुदाम्या' म्हणतो, याचंच अप्रूप.

आता बहात्तर साल. त्या उन्हाळ्यात मी दुष्काळी कामावर हजेरी लिहायला होतो आणि आमची आई तेरणेच्या पात्रात झऱ्यावर. विहिरी आटल्या होत्या, असं सगळे लिहितात. आमच्या गावात एक आटली नव्हती. अण्णांच्या मळ्यातली विहीर बारमाही. सुरुवातीला त्यांचा गडी वस्तीतल्या बायकांच्या घागरीत वरून पाणी ओतायचा, मग पाणी कमी झालं म्हणून तेही बंद झालं. पाणी कमी झालं नव्हतं. मळ्यातली लिंबूबाग हिरवीगार होती, ती रस्त्यावरून जाता-येता दिसायची. बायकांनी नदीच्या वाळूत कमरेइतका खड्डा केला. त्यात बोटभर पाणी झिरपायचं. ते जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीनं भरायचं. एक घागर भरायला तास, दीड तास. यालाही हात लागतो. वाटी तळाला टेकली की गाळ उठतो आणि पुन्हा घटकाभर वाट बघावी लागते. आई दोन बोटांत वाटीचा काठ धरायची, ती आडवी करून पाण्यावर नुसती टेकवायची, पाणी आपणहून आत यायचं. ते मला तिनं शिकवलं, वस्तीतल्या पोरींना शिकवलं. आणि झऱ्याची एक रीत होती, ती कुणी मोडत नसे. जिचा नंबर असेल तिनं पहिली वाटी स्वतः प्यायची नाही, घागरीतही ओतायची नाही. जो कोणी त्या वेळी तिथं आलेला असेल त्याला द्यायची. वाटसरू असो, गुराखी असो.

वसंता तेव्हा सुटीवर आला होता. मी त्याला म्हटलं, "वसंता, तू अण्णांना एक शब्द टाक. वस्तीच्या बायकांना दिवसाआड दोन घागरी शेंदू द्या म्हणावं. तुझं ते ऐकतील." तो म्हणाला, "बोलतो की." मग म्हणाला, "मला तो झरा दाखव." दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. त्या दिवशी आईचा नंबर उशिराचा होता. तो वाळूत बसून सगळं बघत राहिला, तासन् तास, खिशातल्या डायरीत काही टिपत. ऊन चढलं. आईनं पहिली वाटी त्याला दिली. "पी बाबा, तोंड सुकलंय तुजं." मागं मळ्यात त्याच्या बापाची विहीर भरलेली आणि हा माझ्या आईच्या हातून वाटी घेऊन डोळे मिटून पाणी पितोय… मला तेव्हा रागही आला नाही. मला वाटलं, आता हा नक्की बोलणार. तिसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला. विहीर होती तशीच राहिली. आमच्या बायका पाऊस पडेपर्यंत नदीत होत्या.

त्यानंतर तो अधूनमधून भेटायचा, हसायचा, परदेशी चॉकलेटं द्यायचा. विहिरीचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. मोठ्या माणसाची मैत्री सुटेल अशी भीती होती, असं आज कबूल करायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा पावसानं दगा दिला. ऊस वाळला, गाळप फेब्रुवारीतच आटोपलं. आणि नेमकं त्याच मार्चमध्ये आमच्या संचालक मंडळाचा परदेशात अभ्यास दौरा निघाला. बीटापासून साखर करणारे कारखाने बघायचे आणि पुढं अतिथंड प्रदेशातल्या साखर साठवणुकीचा अभ्यास करायचा, असा ठराव झाला. अतिथंड प्रदेशात साखर कोण साठवतं, असं विचारणारा मंडळात कुणी नव्हता. दौऱ्याचा अहवाल निघायच्या आधीच लिहून लागतो, कारण परत आल्यावर कुणाला वेळ नसतो. तो मीच लिहिला, चाळीस पानं, इथं धाराशिवात बसून, उणे तापमानासकट. दौरा अर्थातच वसंतानं आखला होता. त्यानं चेअरमनसाहेबांना खास पत्र लिहिलं, की सुदामला बरोबर आणा, त्याच्याशिवाय मजा नाही. ते पत्र मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. मित्रानं आठवण ठेवली म्हणून माझा ऊर भरून आला होता.

फिनलंडच्या वरच्या टोकाला एका गोठलेल्या तळ्याकाठी त्याच्या लाकडी खोल्या होत्या. आमचे संचालक धोतराखाली दोन-दोन पायजमे आणि डोक्यावर माकडटोप्या घालून आले होते, त्यावर वसंतानं एकेकाला केसाळ कोट चढवले. प्रत्येक खोलीत लाकडी हौदात कढत पाणी वाहत होतं, रात्रंदिवस, कुणी अंघोळ करो वा न करो. मी माझ्या खोलीतला नळ बंद केला, तर एक पोरगी धावत आली आणि हसून पुन्हा सोडून गेली. आमच्याबरोबर काही गोरे पाहुणेही होते, मोठमोठ्या घरचे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुणालाच चहा-पाणी मिळालं नाही. हरणांच्या घसरगाड्यांत बसवून वसंतानं सगळ्यांना तळ्यावरून दोन तास फिरवलं. चेअरमनसाहेब माझ्या कानात पुटपुटले, "सुदामराव, घसा पार कोरडा पडला बघा. ह्यो बाबा पाजनार हाय का न्हाय काही?"

तळ्याच्या मध्यावर बर्फात कमरेइतका खड्डा खणलेला होता. मी वाकून बघितलं. तसाच खड्डा. तळाशी बोटभर पाणी. पायाखाली अथांग तळं, पण वसंतानं बर्फ पूर्ण फोडू दिला नव्हता. बारीक चीर ठेवायला लावली होती, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं झिरपावं. खड्ड्याच्या कडेला चांदीच्या वाट्या मांडलेल्या. वसंता माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "सुदाम्या, इथल्या माणसांना वाटीचा हात जमत नाही रे. गाळ नाही, पण बर्फाचा चुरा उठतो. तुला येतं. तेवढं भर." मला तिथवर कशासाठी आणलं होतं ते तेव्हा कळलं.

मी उतरलो. गुडघे टेकले. दोन बोटांत काठ धरला, वाटी आडवी केली, पाण्यावर टेकवली. वर वसंता बोलू लागला, आधी इंग्रजीत, मग आमच्या लोकांसाठी मराठीत. "माझ्या गावात एका वर्षी एकाही विहिरीला पाणी उरलं नव्हतं. माझी आई नदीच्या वाळूत असा खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायची. आणि पहिली वाटी ती कधी स्वतः प्यायली नाही…" माझी आई, असं म्हणाला तो. आवाज किंचित कापरा, बरोबर जागी थांबणं. मी खड्ड्यात होतो आणि एकेक वाटी वर देत होतो. पहिली वाटी एका गोऱ्या म्हातारीला मिळाली, ती पिऊन ती हमसून हमसून रडली. मग आमच्या साहेबांना मिळाली, त्यांचेही डोळे भरले. मला वर काढताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "काय माऊली आसंल! तुमच्या गावाला अशी माय लाभली, सुदामराव." मी म्हणालो, "व्हय साहेब."

वसंताची आई चांगली बाई होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिनं त्या उन्हाळ्यात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तिला टाकावं लागलं नव्हतं.

सगळे गरम पाण्यात उतरायला गेले तेव्हा मी वसंताला घसरगाड्यांच्या छपराखाली गाठलं. म्हटलं, "तुझी आई?" तो हसला. त्याचं ते हसू फार गोड होतं, शेवटपर्यंत. "अरे, मित्राची आई म्हटलं तर कोण रडणार? आणि तिनं मला पाणी पाजलं, म्हणजे माझीही आईच ना? मी तर तिला जगभर नेलं, सुदाम्या. किती वर्षं ही गोष्ट सांगतोय, ठाऊक आहे? लोक घरी जाऊन पत्रं लिहितात, की बाकी सगळं विसरलो, ती वाटी विसरलो नाही." मी विचारलं, "आणि विहीर? विहिरीला पाणी होतं, वसंता." तो हातमोजे काढून पुन्हा घालू लागला. "ते सांगून पाहुण्यांची चव कशाला घालवायची?" मी म्हटलं, "अण्णांना बोलला होतास का तेव्हा?" तो म्हणाला, "परत गेल्यावर निवांत बोलू." ते निवांत काही आलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी काय केलं? दुसऱ्या दिवशी आणखी एक गट आला आणि मी पुन्हा खड्ड्यात उतरलो. कारखान्याचा नोकर, परमुलखात, साहेबांच्या तिकिटावर आलेला… कारणं हवी तितकी आहेत. परत येऊन मी तो आधीच लिहिलेला अहवाल सादर केला आणि गप्प बसलो. वसंताचा मला राग आहे तो चोरीचा आहेच. त्याहून जास्त राग याचा आहे, की त्यानं दुष्काळ सगळ्यांचा सारखा करून टाकला. आकाशानं केलेलं असलं की कुणाला जाब विचारायला नको. त्याच्या गोष्टीतून त्यानं आमची तहान ठेवली आणि आपल्या बापाची विहीर तेवढी बुजवून टाकली.

शोकसभा कारखान्याच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर वसंताचा थोरला भाऊ होता, ज्याच्या मळ्यात ती विहीर आजही आहे. एकामागोमाग एक वक्ते उठले आणि प्रत्येकानं झऱ्याची गोष्ट सांगितली. थोरला भाऊ मान हलवत होता. मग साहेबांनी जाहीर केलं, की येरमाळ्याच्या स्टँडवर, जिथं येडेश्वरी देवीचे भाविक उतरतात तिथं, कारखाना पाणपोई बांधणार, वसंतरावांच्या मातोश्रींच्या नावानं, आणि त्यावर झऱ्याची हकिकत दगडात कोरणार. टाळ्या पडल्या. "मजकूर सुदामराव लिहितील. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलंय." सभा संपल्यावर त्यांनी मला एक मोठा रंगीत फोटो दिला. तसाच एक त्यांनी बोर्डाच्या खोलीत हार घालून लावला आहे. बर्फावर वसंता उभा, हात पसरून बोलतोय, आणि खाली कोपऱ्यात खड्ड्यातून वर आलेले दोन हात, हातात वाटी. बाकीचा माणूस फोटोत आलेला नाही.

त्या रविवारी मी गावी गेलो. आई आता सत्तरीच्या पुढं आहे, पण नजर शाबूत आहे. अंगणात सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मी ठरवलं होतं, वसंतानं काय केलं ते आज तिला सांगायचं. माझा भाग सांगायचा विचार नव्हता. सांगितलं. दगडावर कुणाचं नाव येणार तेही सांगितलं. ती चिडली नाही. "आण्णाचं बारकं पोरगं व्हय त्ये? लई तानेलं व्हतं त्या दिशी," एवढंच म्हणाली. मग फोटो मागून घेतला. वसंताकडं तिनं फारसं बघितलं नाही. फोटो उन्हाकडं तिरका केला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये हात कुनाचे?"

मी तिच्या सुपातली तूर चिवडू लागलो.

"वाटी धरायची ही तऱ्हा माजी हाय. तू भरत व्हतास व्हय रं पानी?"

"व्हय."

"आन् त्यो वर हुबा ऱ्हाऊन त्येच्या आईचं नाव सांगत व्हता?"

"व्हय."

"मग?"

"मग काही नाही. भरत राहिलो."

तिनं फोटो माझ्या मांडीवर ठेवला आणि सूप पुन्हा हातात घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यो आण्णाचा पोरगा. त्येला काय म्हनू म्या? पर तू माजा हायस न्हवं?"

सोमवारी कामावर गेलो आणि पाणपोईचा मजकूर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला, माझ्याकडं बघितलं आणि कागद उलटा करून ठेवला. त्यावर अजून सही झालेली नाही, होईल असं दिसत नाही. बोर्डाच्या खोलीतल्या फोटोखालून मी रोज फायली घेऊन जातो. वसंता हात पसरून बोलतच असतो. म्हणून तो मजकूर इथं देतो, दगडावर नाही तर निदान कागदावर:

'बहात्तरच्या दुष्काळात सखुबाई या बौद्धवस्तीतल्या बाईनं तेरणेच्या वाळूतून वाटीवाटीनं पाणी भरलं आणि पहिली वाटी नेहमी दुसऱ्याला दिली. त्या उन्हाळ्यात गावातल्या एका विहिरीला पाणी होतं. हे तिचा मुलगा सुदाम यानं लिहिलं, उशिरा.'